इंजिनात मिश्रण किती दाबावे?
पंपावरचे पेट्रोल, घाटातला चढ आणि सुरक्षित संपीडन गुणोत्तर

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प केंद्र सरकारने २००१ साली तीन ठिकाणी सुरू केले. त्यांतील दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ होता. तेव्हा इथेनॉलचे प्रमाण अवघे पाच टक्के होते. कृष्णाकाठच्या उसापासून निघालेला मद्यार्क सांगली जिल्ह्यातील वाहनांच्या टाकीत पोचला, त्याला आता पाव शतक होत आले. २०२५ साली हे प्रमाण देशभर वीस टक्क्यांवर गेले, आणि पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१ वरून ९५ झाल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने त्याच वर्षी जाहीर केले.

ऑक्टेन वाढला, तेव्हा इंजिनही थोडे ‘टाइट’ करून घ्यावे, हेड घासून घ्यावे, उंच माथ्याचा पिस्टन टाकावा, असा विचार जुन्या मोटारसायकलींच्या हौशी मालकांच्या मनात येणे साहजिक आहे. सातारा-सांगलीकडे अशा मालकांची आणि त्यांचे ऐकणाऱ्या लेथवाल्यांची वाण नाही. या विचारात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोक पडते.

पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते आणि तो माथ्याशी पोचल्यावर जेवढी उरते, त्या दोहोंचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशन रेशो. महाराष्ट्रात घरोघरी असलेल्या स्प्लेंडरचे उदाहरण घेता येईल. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर, म्हणजे पिस्टन व्यापतो ती जागा ९७.२ घनसेंटिमीटर, अर्थात सीसी. गुणोत्तर ९ ठेवायचे तर माथ्याशी १२.१५ सीसी जागा उरली पाहिजे. १० करायचे तर १०.८. नऊ आणि दहा यांतला फरक हा असा चहाच्या चमच्याच्या पावभाग इतका आहे. लेथवर अर्धा मिलिमीटर जादा कापले गेले, तर सिलिंडरच्या पूर्ण व्यासाइतका थर गेला असे धरून ९ चे गुणोत्तर ९.७ होते. अंदाजपंचे काम येथे चालत नाही, ते एवढ्यासाठीच.

हेडला हातही न लावता गुणोत्तर वाढते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. सिलिंडर झिजला की तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालण्याची पद्धत आहे. वरील इंजिन एक मिलिमीटरने मोठे केले आणि माथ्याची जागा तेवढीच राहिली, तर गुणोत्तर ९ वरून सुमारे ९.३ वर जाते. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये काजळीचा एक सीसी थर साचला तर ते ९.७ च्या पुढे जाते, आणि ती तापलेली काजळी वर उष्णताही धरून ठेवते. वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने चाललेली गाडी एका उन्हाळ्यात एकाएकी खडखडू लागते, त्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

गुणोत्तर वाढवण्याचा मोह का होतो, याला शास्त्रीय आधार आहे. मिश्रण जितके दाबून पेटवावे तितकी त्याच्या प्रसरणातून जास्त शक्ती हाती लागते. आदर्श इंजिनाच्या सूत्रानुसार गुणोत्तर ७ असताना कार्यक्षमता ५४ टक्के येते, ९ ला साडेअठ्ठावन्न, १० ला साठ आणि १२ ला त्रेसष्ट. प्रत्यक्षातील इंजिने याच्या बरीच खाली असतात, परंतु चढण्याची गती साधारण तीच राहते. सातावरून नवावर जाताना फायदा आठ टक्क्यांचा होतो. नवावरून दहावर जाताना तो तीन टक्केही भरत नाही. वर जावे तसे पदरात कमी पडते आणि धोका मात्र वाढत जातो. शंभर सीसीच्या इंजिनात तीन टक्के म्हणजे पाव अश्वशक्तीच्या आसपास. ‘पिकअप’ वाढल्याचा जो भास हेड घासल्यावर होतो, त्यात नव्या रिंगा, साफ केलेला कार्ब्युरेटर आणि नुकतेच मोजलेले बिल यांचाही वाटा असतो.

धोका कसला, तर नॉकिंगचा. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून चहूकडे पसरत जाते. तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण मागून येणाऱ्या दाबाने आणखी दाबले जाते आणि तापते. ज्योत पोचण्याआधीच ते आपसूक पेटले, तर तो कोपरा एकदम भडकतो आणि दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. डब्यात खडे हलवावेत तसा तो आवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. पिस्टनच्या माथ्यावर वायूचा जो पातळ, तुलनेने थंड थर असतो, तो या लाटेने फाटतो आणि अॅल्युमिनियम थेट ज्वाळेच्या तोंडी सापडते. प्रथम कडा खरवडल्यासारख्या होतात, मग रिंगांमधला भाग तुटतो, अखेर भोक. चढावर क्षणभर झालेली किरकोळ खडखड इंजिन सहन करते. पूर्ण थ्रॉटलवर, वेगात, सायलेन्सरच्या आवाजाखाली दडलेले नॉकिंग मात्र काही मिनिटांत काम उरकते.

हे कोडे सुटले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी चालू स्थितीत गुणोत्तर बदलता येईल असे प्रयोगाचे इंजिन बांधले आणि दोष यंत्राइतकाच इंधनाचा असतो हे दाखवून दिले. अमेरिकेत टॉमस मिजली यांना १९२१ मध्ये शिशाचे संयुग सापडले. चिमूटभर घातले की नॉकिंग थांबे. जगभराच्या हवेत शिसे पसरवणारा तो शोध भारतीय पेट्रोलमधून हद्दपार व्हायला १ फेब्रुवारी २००० ही तारीख उजाडावी लागली. ऑक्टेनची मोजपट्टी १९२० च्या दशकातलीच आहे. सहजासहजी नॉक न होणाऱ्या आयसोऑक्टेनला १००, चटकन नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य, आणि प्रत्येक इंधनाची तुलना या दोहोंच्या मिश्रणाशी. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, हा समज चुकीचा आहे. ऑक्टेन म्हणजे केवळ दाब सोसण्याची तयारी. ज्या इंजिनाला एवढा दाब द्यायचाच नाही, त्याला महागडे ‘प्रीमियम’ पेट्रोल पाजणे म्हणजे सायकलला विमानाचे टायर बसवण्यापैकी आहे.

याच मोजपट्टीवरून आणखी एक घोटाळा होतो, आणि तो इंटरनेटवरचे सल्ले वाचणाऱ्यांच्या बाबतीत सर्रास होतो. ऑक्टेन दोन रीतींनी मोजतात. सौम्य चाचणीतून येतो तो ‘रॉन’ आणि कडक चाचणीतून येतो तो ‘मॉन’. दुसरा सहसा आठ-दहा अंकांनी कमी भरतो. भारतात पंपावर सांगतात तो रॉन. अमेरिकेत पंपावर लिहितात ती दोहोंची सरासरी. भारतीय मानकातील जुने साधे पेट्रोल म्हणजे रॉन ९१ आणि मॉन ८१. अमेरिकी हिशेबाने ते ८६ ठरते, तिथल्या सर्वांत स्वस्त ८७ च्याही खाली. ‘९१ ऑक्टेनवर साडेदहाचे गुणोत्तर खुशाल चालते’ असे एखाद्या अमेरिकी मेकॅनिकने लिहिले असेल, तर त्याच्या पंपावरचे ९१ हे आपल्याकडच्या ९५-९६ च्या बरोबरीचे असते. हा पाच अंकांचा फरक मोठा आहे, कारण गुणोत्तर एकाने वाढवले की ऑक्टेनची गरज ढोबळमानाने तीन ते पाच अंकांनी वाढते.

सातारा-सांगलीला इंजिनांचे वेड नवे नाही. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा निघाला; त्यापूर्वी दोन्हीकडचा कारागीर एकाच जिल्ह्याचा होता. १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर हे साताऱ्याचे कारखानदार. त्यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. त्याआधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली होती. शेतावरच्या डिझेल इंजिनांवर हात बसलेल्या माणसाला सोळा-अठराचे गुणोत्तर सवयीचे असते. पेट्रोलच्या गाडीला नऊ पुरतात हे त्याला मिळमिळीत वाटू शकते. पण डिझेल इंजिन नुसती हवा दाबते आणि इंधन शेवटच्या क्षणी फवारते. आपोआप पेटणे हीच तेथे अपेक्षा असते. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन एकत्र दाबले जाते, म्हणून तेथे तोच गुन्हा ठरतो.

साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली ‘प्रिया’ ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांनी तर गुणोत्तराच्या फंदात पडूच नये. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या बाजूची भोके झाकली गेल्यावरच खरे संपीडन सुरू होते. त्यामुळे काही कंपन्या पूर्ण धावेवरून आकडा देतात, तर काही भोक बंद झाल्यापासूनच्या धावेवरून. पश्चिम महाराष्ट्राची लाडकी आरएक्स १०० कागदावर साडेसहा-सातच्या घरातली दिसते ती या दुसऱ्या हिशेबामुळे. ती ‘लो कॉम्प्रेशन’ आहे असे समजून हेड घासणाऱ्यांनी कैक पिस्टन वितळवले आहेत.

आता हवा आणि रस्ता. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, सातारा सातशेच्या वर, तर महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. उंचीवर हवा विरळ असते. साताऱ्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी, महाबळेश्वरी तो चौदा-पंधरा टक्क्यांनी कमी. सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी शिरली तर शेवटचा दाबही कमी राहतो आणि नॉकिंग दूर पळते. महाबळेश्वरात दहाचे गुणोत्तर असलेली गाडी सुरळीत चालली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तीच गाडी आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरून कोकणच्या दाट, दमट उकाड्यात मुंबईकडे निघाली की तिची खरी परीक्षा सुरू होते. कॉम्प्रेशन गेजच्या आकड्यालाही हे लागू आहे. मुंबईच्या गॅरेजमध्ये १६० पीएसआय दाखवणारे निरोगी इंजिन साताऱ्यात दीडशेच्याही खाली दाखवील. त्यात रिंगांचा दोष नसतो.

मात्र उंचीने दिलेली सवलत उन्हाळा आणि चढ काढून घेतात. आटपाडी-जतकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. हवेने थंड होणारे इंजिन त्या उन्हात, दोन माणसे बसवून, कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये चढ ओढते तेव्हा थंड करायला वारा नसतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असतो. नॉकिंगला याहून पोषक स्थिती नाही. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट या दृष्टीने उत्तम प्रयोगशाळा आहे. तेथे तिसऱ्या गिअरऐवजी वेळीच दुसरा टाकणारा चालक ऑक्टेनचे दोन-तीन अंक फुकटात मिळवतो.

सध्याच्या पेट्रोलकडे पुन्हा वळू. मंत्रालयाच्या आकड्यांनुसार इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५ आणि मूळ पेट्रोलचा ८४.४. याचा अर्थ असा की पंपावरचे ९५ हे मुख्यतः इथेनॉलच्या जिवावर उभे आहेत. इथेनॉलची बाष्प होताना उष्णता शोषण्याची क्षमता पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे आत शिरणारे मिश्रण गारही होते. इथवर सारे अनुकूल आहे.

प्रतिकूल बाजू दोन. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक आपोआप इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरचे जेट मात्र जुन्याच मापाचे असते. परिणामी मिश्रण अशक्त होते आणि इंजिन अधिक तापते. वाढलेल्या ऑक्टेनचा काही हिस्सा येथेच खर्ची पडतो. दुसरी बाजू पाण्याची. इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पुरेसे पाणी शिरले तर इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी बसते, आणि वर उरते ते ऑक्टेन गमावलेले मूळ पेट्रोल. महाबळेश्वर-कोयनेच्या पावसात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या, झाकणाचे रबर कुजलेल्या जुन्या गाडीत ही गोष्ट अशक्य नाही. मायलेजचा मुद्दा वेगळा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींत सहा-सात टक्के आणि दुचाकींत तीन-चार टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. ही घट भरून काढण्यासाठी गुणोत्तर वाढवणे नव्या इंजिनाच्या आरेखनात योग्य आहे. जुन्या इंजिनावर लेथ चालवून ते साधत नाही.

तेव्हा आकडा कोणता धरावा? हौशी मालकाने पंपावर लिहिलेल्या ९५ वर विसंबून न राहता ९१ धरून चालणे शहाणपणाचे. इंजिनाला सर्वांत चांगले नव्हे, तर वर्षभरात टाकीत पडणारे सर्वांत वाईट लिटर पचले पाहिजे. या हिशेबाने हवेने थंड होणारे, दोन झडपांचे, अॅल्युमिनियम हेडचे, कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन नऊ ते साडेनऊच्या पुढे नेऊ नये. लोखंडी हेड उष्णता सहज सोडत नाही, म्हणून तेथे आठ-साडेआठ पुरे. जुनी लोखंडी सिलिंडरची बुलेट ३५० अवघ्या साडेसहाच्या आसपासच्या गुणोत्तरावर डुगडुगत आयुष्य काढी. तिच्याच घराण्यातील २०२० नंतरचे ३४९ सीसीचे इंजिन साडेनवाचे आहे. मधल्या काळात ज्वलनकक्षाचा आकार, धातू, तेलाचे शीतन, इंधनाचे इंजेक्शन हे सारे बदलले, निव्वळ पेट्रोल नव्हे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएमसारख्या गाड्या बाराच्याही वर जातात. पाण्याने थंड होणे, चार झडपा आणि संगणकाच्या ताब्यातील ठिणगी यांच्या बळावर. त्यांचा आकडा पाहून वीस वर्षांच्या मोटारसायकलीचे हेड घासणे म्हणजे पैलवानाचा खुराक आजोबांना चालू करण्यासारखे आहे. टर्बो बसवलेल्या इंजिनात हवा आधीच दाबून येते, म्हणून तेथे हे कोष्टक लागूच पडत नाही.

गुणोत्तर ठरवण्यापूर्वी ते मोजावे. गाडी प्लगचे भोक वर येईल अशी तिरपी करून, पिस्टन माथ्याशी आणून, दोन्ही झडपा बंद असताना, खुणा असलेल्या सिरिंजने पातळ तेल भोकाच्या आट्यांच्या खालच्या काठापर्यंत भरावे. जेवढे सीसी मावले ती माथ्याची जागा. समजा ११.२ सीसी मावले; ९७.२ ला ११.२ ने भागून एक मिळवला की ९.७ येतात. तेल खाली झिरपत असेल तर रिंगा आधी पाहाव्यात. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि हेडच्या नव्या जोडापेक्षा फार स्वस्त आहे. हेड किंवा सिलिंडर घासल्यास पिस्टन आणि हेडच्या सपाट कडेमधील अंतर एक मिलिमीटरच्या फार खाली जाऊ देऊ नये. टायमिंग चेनच्या इंजिनात कॅम खाली सरकल्याने झडपांची वेळही थोडी मागे पडते, तीही तपासावी. दहाचे गुणोत्तर नऊवर आणायचे असेल तर जाड गॅस्केट हा सोपा उपाय दिसतो, परंतु त्याने तेच अंतर वाढून मिश्रणाची घुसळण कमी होते आणि नॉकिंग पूर्वीइतकेच राहू शकते. माथ्याची खोली हेडमध्येच वाढवणे बरे.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. मोठा बोअर करून सीसी वाढवणे यात स्पष्टपणे येते.

काम झाल्यावर इंजिन पुरते तापू द्यावे. दुपारच्या उन्हात, दोघांनी बसून, चढावर पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच द्यावा आणि कान उघडे ठेवावेत. खडखड आली तर, ठिणगीची वेळ बदलता येणाऱ्या इंजिनात, ती एक-दोन अंशांनी मागे आणून पुन्हा पाहावे. नंतर प्लग काढून त्याचे पांढरे चिनीमातीचे नाक भिंगाखाली न्याहाळावे. त्यावर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक राखाडी मणी दिसले, तर ते मणी पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे आहेत. आवाज आला नसला तरी त्या इंजिनाचे गुणोत्तर जास्त झाले आहे, आणि ते कमी करेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.